चिखलदऱ्याच्या थंड-दमट हवेत बाथरूमला कुठली फरशी घालावी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही राहता नागपुरात मनीषनगरला, आणि चिखलदऱ्याला छोटं घर बांधून राहिले. दोन बाथरूम आहेत, दोन्ही ८ बाय ५ फुटांचे, एक खाली सासूबाईंच्या खोलीला लागून आणि एक वर. दुकानदार म्हणतो एसपीसी घ्या, म्हणजे दगडाची भुकटी आणि पीव्हीसीच्या पट्ट्यांची फरशी, शंभर टक्के वॉटरप्रूफ आहे आणि थंडीत पायाला गारही लागत नाही. मिस्त्री म्हणतो कोटा दगड लावू. मुलीला दोन बाय चार फुटांच्या चकचकीत व्हिट्रिफाईड टाईल आवडल्या. आणि तुम्ही विचारलं की यातलं खरं वॉटरप्रूफ कोणतं.

उत्तर आधी देऊन टाकतो, कारणं नंतर वाचा. दोन्ही बाथरूमला मॅट फिनिशची व्हिट्रिफाईड घ्या, १ बाय १ फुटाची, घसरण्याचं रेटिंग आर ११ मिळालं तर उत्तम नाहीतर आर १० च्या खाली जाऊ नका, टाईल अडेसिव्हवर (टाईल चिकटवायच्या तयार मसाल्यावर) बसवा, ३ मिलिमीटरचा सांधा सोडा आणि तो इपॉक्सी ग्राउटने, म्हणजे सांधे भरायच्या रेझिनच्या मसाल्याने भरा. एसपीसी बेडरूममध्ये खुशाल घाला, बाथरूममध्ये नको. पण हे सगळं दुय्यम आहे, काहून की बाथरूम वॉटरप्रूफ होतं ते फरशीच्या खाली. वरची फरशी कितीही भारी आणली तरी खालचा पाणी अडवणारा कोटिंगचा थर आणि ढाळ, म्हणजे उतार, चुकला तर वर्षभरात ओल दिसणारच, आणि खालचं काम नीट असेल तर साधी स्वस्त टाईलही वर्षानुवर्षं टिकते. मी नागपुरात बरीच वर्षं बाथरूमचीच कामं करतो, त्यात निम्मी जुनी गळकी दुरुस्त करायची असतात, आणि उखडल्यावर टाईलमधूनच पाणी झिरपलं असं क्वचितच निघतं. सांध्यातून, कोपऱ्यातून, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतलं पाणी जायच्या जाळीखालचा वाकडा पाइप) भोवतालून, कमोडच्या स्क्रूच्या भोकातून, तिथूनच जातं पाणी.

आता नागपूर आणि चिखलदऱ्यात फरक काय ते बघा. नागपुरात ऊन आपल्या चुका झाकून घेतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सकाळी ओली केलेली बाथरूम दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होते, टाईलखाली थोडं पाणी शिरलं असेल तर तेही हळूहळू वाळून जातं. आपल्याकडे थंडी पडत नाही असंही नाही, २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ अंशांवर आलं होतं, पण ती थंडी कोरडी. चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर, जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस, त्यात धुकं असं की समोरचा माणूस दिसत नाही, टॉवेल चार-चार दिवस ओला राहतो. तिथे सांध्यात पाणी शिरलं की बसलंच, मग काळी बुरशी, कुबट वास, खालच्या छताचे पोपडे. म्हणून तिथे फरशी निवडताना मी एकच गोष्ट विचारतो, पाणी हिच्यात किंवा हिच्याखाली अडकायला जागा आहे का.

या प्रश्नावर एसपीसी नापास होते. माल वाईट आहे असं म्हणत नाही, दगडाची भुकटी आणि पीव्हीसी मिळून बनलेली पट्टी असते, बादलीत बुडवून ठेवली तरी फुगत नाही, दुकानदार खोटं बोलत नाही. पण वॉटरप्रूफ ती पट्टी आहे, तिचे सांधे नाहीत. पट्ट्या एकमेकींत क्लिक करून बसवतात, खाली चिकटवलेल्या नसतात. पाश्चिमात्य देशांत बाथरूमची जमीन बहुधा कोरडीच असते, आंघोळ टबात नाहीतर काचेच्या आड, तिथे ती चालते. आपल्याकडे बादली भरून वाहते, तांब्याने अंगावर पाणी घेतो, शेवटी खराटा मारून सगळी जमीन धुतो, ते पाणी कडेने आणि सांध्यातून खाली उतरतं आणि तिथेच राहतं कारण वरचा थर त्याला वाळू देत नाही. आणि दुसरी गोष्ट कोणी सांगतच नाही, या पट्ट्यांना खाली एकदम सपाट जमीन लागते आणि बाथरूमला तर ट्रॅपकडे चारी बाजूंनी ढाळ लागतो. दोन्ही एकत्र होत नाही. लाकडी लॅमिनेटचं तर नावच काढू नका, आतला दाबलेल्या भुशाचा गाभा पाण्याने फुगतो तो परत बसत नाही.

कोटा. तुमचा मिस्त्री जुना माणूस असेल, त्याला हात बसलाय म्हणून म्हणत असेल, आणि कोटा मजबूत दगड आहे यात वादच नाही. पण तो चुनखडीचा दगड, ॲसिड लागलं की वरचा थर खातं. आपल्याकडे बाथरूम साफ करायला ॲसिड ओतायची सवय घरोघरी आहे. पॉलिश केलेला कोटा ओला झाला की साबणासकट चांगलाच घसरतो, आणि पॉलिश न केलेला घेतला तर दमट हवेत त्यावर शेवाळ धरतं. सासूबाई वापरणार त्या बाथरूमला मी लावणार नाही. व्हरांड्याला, मागच्या अंगणातल्या धुण्याच्या जागेला खरबरीत कोटा लावा, तिथे शोभतो आणि खर्चही वाचतो.

दोन बाय चारची चकचकीत. मुलीला सांगा भिंतीला लाव, सुंदर दिसेल. जमिनीला अडचण अशी की एवढी मोठी टाईल वाकत नाही, मधल्या किंवा कोपऱ्यातल्या एका ट्रॅपकडे ढाळ द्यायचा तर तिचे तिरपे तुकडे करावे लागतात, पाकिटाच्या घडीसारखे, नाहीतर मिस्त्री ढाळच मारून टाकतो आणि पाणी थबकून राहतं. मोठीच टाईल हवी असा हट्ट असेल तर एक उपाय आहे, दाराच्या समोरच्या भिंतीला लागून लांब जाळीचा ड्रेन घ्यायचा, मग ढाळ एकाच दिशेने जातो आणि टाईल कापावी लागत नाही. पण चकचकीत नको, मॅटच. एक बाय एकमध्ये सांधे जास्त येतात, तेच पायाला पकड देतात.

टाईल दुकानात कशी तपासायची ते नीट सांगतो कारण इथेच लोक फसतात. टाईल उलटी करा आणि मागच्या बाजूला पाण्याचे दोन थेंब टाका. लगेच शोषले गेले आणि डाग गडद झाला तर ती सिरॅमिक वॉल टाईल आहे, भिंतीची, जमिनीला घ्यायची नाही, तिचं पाणी शोषणं १० टक्क्यांच्या वर असतं. थेंब तसाच उभा राहिला तर व्हिट्रिफाईड, तिचं अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. बॉक्सवरही छापलेलं असतं, आपल्याकडचं मानक आयएस १५६२२ आहे, ते बघून घ्या. मग टाईल सरळ करून जमिनीवर ठेवा, वर पाणी आणि थोडा हँडवॉश टाका आणि चप्पल काढून पाय घासून बघा, दुकानदाराला विचित्र वाटलं तर वाटू द्या. कोरड्या टाईलवरून हात फिरवून पकड कळत नाही. आर ९, आर १०, आर ११ हे आकडे उतरत्या फळीवर माणूस चालवून ठरवलेले असतात, आर १० म्हणजे १० ते १९ अंश, आर ११ म्हणजे १९ ते २७ अंश उतारापर्यंत पाय टिकतो. फक्त ती चाचणी बूट घालून आणि तेलावर होते, अनवाणी पायासाठी वेगळी ए, बी, सी अशी प्रतवारी आहे, बी किंवा सी लिहिलेलं मिळालं तर बिनधास्त घ्या. अगदी सँडपेपरसारखी खरखरीत टाईलही नको, तिच्या खाचांत साबणाचा मळ बसतो आणि बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे क्षार धरतात, मग आठवड्यात ती मूळ रंगाची राहत नाही.

हिमालयात घर असतं तर टाईलमधलं पाणी गोठून फुगतं आणि टाईल तडकते याचाही विचार करावा लागला असता. चिखलदऱ्यात कडाक्याच्या थंडीत पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो पण बाथरूमच्या आत पाणी गोठत नाही, ती काळजी सोडा.

आता खालचं काम, इथे मात्र घाई करू नका आणि मिस्त्रीवर सोडून नागपूरला परत येऊ नका.

खालच्या मजल्यावरच्या बाथरूमला पाणी दोन्हीकडून येतं, वरून तुमचं आणि खालून जमिनीचं. तिथली जमीन चार महिने भिजलेली असते. म्हणून सोलिंग (खालचा दगडांचा थर) झाल्यावर काँक्रीट टाकायच्या आधी २५० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरून घ्या, सांध्यावर एकावर एक फूटभर चढवून. हे नंतर करता येत नाही. वरच्या बाथरूमला स्लॅब खाली उतरवलेला असेल, म्हणजे आपण ज्याला सनकन म्हणतो तो, तर कोटिंग दोन ठिकाणी हवं, एकदा स्लॅबवर आणि एकदा भरावाच्या वर टाईलच्या खाली. विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला की लोकांना वाटतं तोच वॉटरप्रूफिंग आहे, पण कोबा पाणी पितो आणि धरून ठेवतो, गरम कोरड्या हवेत निभतं, दमट हवेत नाही.

आधी प्लंबिंग. पाइपची प्रेशर टेस्ट प्लास्टरच्या आधी करून घ्या. स्लॅबमधून जिथे जिथे पाइप खाली जातो ते भोक साध्या सिमेंट-रेतीने बुजवू नका, साधं सिमेंट वाळताना आकसतं आणि पाइपभोवती केसाएवढी फट राहते, न आकसणारं ग्राउट मिळतं ते ओता. जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्यात वाटा काढून घ्या, म्हणजे कोपरा मसाल्याने गोलसर करा, कोपरा काटकोनात राहिला तर कोटिंग तिथेच तडकतं. मग दोन भागांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग, एक हात आडवा आणि दुसरा उभा, कोपऱ्यात आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी दोन हातांच्या मध्ये दाबून. भिंतीवर निदान फूटभर चढवा, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. नागपुरात पहिला हात चार-सहा तासांत वाळतो, तिकडे धुक्यात दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटू शकतो, चिकटला तर थांबायचं, वर दुसरा हात चढवून आतलं पाणी कोंडायचं नाही.

कोटिंग पूर्ण वाळलं की ट्रॅप बंद करून दीड-दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करा आणि ४८ तास ठेवा. उन्हाळ्यात नागपुरात काही पाणी उडूनही जातं, म्हणून रेष थोडी उतरली तर वाद होतो. तिकडच्या हवेत फारसं उडत नाही, म्हणजे रेष खाली गेली तर पाणी कुठेतरी जाऊनच राहिलं. वरच्या बाथरूमसाठी खालच्या खोलीचं छत बघा, पाइपच्या भोवती हात फिरवून बघा. ही टेस्ट टाईल लावायच्या आधी करा. टाईल लावल्यावर केली आणि गळती निघाली तर सगळंच उखडावं लागतं.

ढाळ १ ला ८० धरा, म्हणजे तुमच्या ८ फूट लांबीला ३० मिलिमीटर, साधारण सव्वा इंच. ट्रॅप दारापासून लांबच्या टोकाला. ढाळ कोटिंगच्या खाली स्क्रीडमध्येच, म्हणजे सिमेंट-रेतीच्या थरातच काढायचा, टाईलखालचा मसाला जाड-पातळ करून नाही. टाईल बसली की बादलीभर पाणी दाराजवळून सोडून बघा, पाच मिनिटांनी कुठे डबकं राहिलं तर ती टाईल त्याच दिवशी काढून घ्या, मिस्त्री कुरकुर करेल.

मिस्त्री लोक व्हिट्रिफाईडही सिमेंटच्या घोळावर बसवतात. तिची पाठ पाणी शोषत नाही म्हणून सिमेंट तिला धरत नाही, सहा महिन्यांत टाईल पोकळ वाजायला लागते. अडेसिव्ह घ्या, २० किलोची पिशवी तीन मिलिमीटर थराने ४५-५० चौरस फूट जाते. टाईलच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्यायला लावा. आणि चार कोपऱ्यांत चार गोळे लावून टाईल दाबायची पद्धत बिलकुल चालू देऊ नका, दातेरी थापीने पूर्ण पाठभर लावायचं. गोळ्यांच्या मध्ये जी पोकळी राहते तिथे पाणी साचतं आणि दमट गावात तिथूनच वास सुरू होतो, लोक ट्रॅप बदलतात, फिनाईल ओततात, वास जात नाही. दुसऱ्या दिवशी थापीच्या दांड्याने प्रत्येक टाईल वाजवून बघा.

ग्राउट इपॉक्सीच म्हणतो कारण सिमेंटचं ग्राउट पाणी पितं, बुरशी धरतं, आणि साफ करायला ॲसिड टाकलं की खातं. इपॉक्सी कितीतरी महाग पडतं, हात बसलेला माणूस लागतो, आणि थंडीत ते घट्ट होतं आणि उशिरा सुकतं, १० अंशांच्या खाली काम करूच नये. सकाळी ऊन आल्यावर घ्या. बजेट बसत नसेल तर जमिनीला इपॉक्सी आणि भिंतीला वर-वर सिमेंटचं चालेल. फक्त जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात ग्राउट नको, तिथे बुरशी न धरणारं सिलिकॉन, कारण भिंत आणि जमीन थंडी-उन्हाने वेगवेगळी हलतात. कमोड जमिनीवर बसणारा असेल तर त्याचे स्क्रू कोटिंगला भोक पाडतात, भोकात सिलिकॉन भरून मगच स्क्रू आवळायला सांगा, ही एवढीशी गोष्ट प्लंबर हमखास विसरतो. सासूबाईंसाठी धरायचा दांडा भिंतीवरच येईल, तो कमोडच्या बाजूला आणि शॉवरजवळ असे दोन लावा. आणि दारात उंच उंबरा ठेवू नका, अर्ध्या-पाऊण इंचाची ग्रॅनाईटची पट्टी पुरे, ढाळ बरोबर असला की पाणी बाहेर येत नाही.

घर झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात तुम्हाला फोन येईल की भिंतीला पाणी सुटलं, टाईल ओली होऊन राहिली, गळती आहे. घाबरायच्या आधी एक करा. कोरड्या पुसलेल्या टाईलवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने बंद करून चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. प्लास्टिकच्या वर थेंब असतील तर ते हवेतलं पाणी आहे, खाली असतील तर आतून ओल येते. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर आतली हवा २५ अंश आणि ८० टक्के दमट धरली तर ती २१ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सोडते, आणि तिकडे पौषात टाईल १४-१५ अंशांची असते. म्हणजे फरशी ओली होणारच, त्यात फरशीचा दोष नाही. त्यासाठी एक्झॉस्ट फॅन लागतो, खिडकी पुरत नाही, धुकं आत येत असताना खिडकी उघडून काय वाळणार. आंघोळीनंतर दार बंद ठेवून, खालून फट ठेवून, वीस-तीस मिनिटं फॅन चालू द्या आणि त्याआधी वायपरने जमीन ओढून घ्या. ओढलेलं पाणी वाळवावं लागत नाही.

पाय गार लागायचं राहिलं. टाईल आणि लाकूड एकाच खोलीत एकाच तापमानाला असतात, टाईल पायातली उष्णता भराभर ओढते म्हणून गार वाटते, ग्रॅनाईट त्याहून जास्त. एसपीसी कमी ओढते, दुकानदाराचं तेवढं बरोबर आहे. पण त्यासाठी अख्खी जमीन बदलायची गरज नाही, कमोडसमोर आणि बेसिनसमोर पाणी खालून वाहून जाईल अशी सागवानी पट्ट्यांची जाळी ठेवा, आठवड्यातून एकदा उचलून उन्हात घालता आली पाहिजे. कापडी पायपुसणं आत नको, ते तिथे वाळत नाही आणि सासूबाईंचा पाय त्यासकट सरकतो. फरशीखाली गरम करायची केबल मिळते, पण थोड्या दिवसांच्या थंडीसाठी आणि तिकडच्या विजेच्या भरवशावर मी सुचवणार नाही.

तुम्ही तिथे कायम राहणार नाही म्हणून अजून एक. घर महिना-महिना बंद राहिलं की नहाणी ट्रॅपमधलं पाणी उडतं, उन्हाळ्यात लवकर, आणि मग गटाराचा वास आणि झुरळं सरळ वर येतात. निदान ५० मिलिमीटर पाणी धरणारा खोल ट्रॅप घ्या आणि निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे गोडेतेल सोडा, तेलाच्या थराने पाणी उडत नाही.

काम कधी काढायचं विचारलंत, तर जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात नाही, तेव्हा कोटिंग वाळणारच नाही आणि परतवाड्याहून घाटाने माल चढवतानाही त्रास. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल अखेरपर्यंत घ्या, नाहीतर दिवाळीच्या आसपास पाऊस संपून कडक थंडी सुरू व्हायच्या आत. टाईल नागपुरातून नेणार असाल तर दोन्ही बाथरूमची एकाच वेळी एकाच बॅचची घ्या, बॉक्सवरचा शेड नंबर जुळवून, मोजमापावर दहा टक्के जास्त, आणि त्यावर एक पेटी घरात माळ्यावर ठेवून द्या, दोन-तीन वर्षांनी त्याच शेडची परत मिळत नाही.